आकेनेसे बाराला जेवते

आमच्या बेटावरच्या गावात रविवारी बाराला सगळे जेवतात. गावातल्या कुणालाही विचारा, तो शपथेवर हेच सांगेल, आणि खोटं बोलल्यासारखं त्याला अजिबात वाटणार नाही. चर्च साडेअकराला सुटतं. उमूच्या, म्हणजे आमच्या दगडी चुलीच्या, तापल्या दगडांतून नीरफणस, अळूचे कंद, मासे आणि एखादं डुक्कर निघतं. ठीक बाराला पाद्रीबाबांच्या घरी पाद्रीबाबा, त्यांच्या पत्नी, मताई म्हणजे घराण्यांचे प्रमुख, आणि या घराण्यांच्या लेकी-बहिणी चटयांवर मांडी घालून बसतात. झाले सगळे.

उरलो आम्ही सुना. आम्ही वाढतो, हात धुवायला पाणी आणतो, आणि ताटं परत आली की त्यांत जे परत आलं असेल ते जेवतो. ते किती वाजता, हे कुणी सांगू शकत नाही, कारण तोवर सगळ्यांचं जेवण झालेलं असतं.

मी या गावची सून आहे आणि गावच्या शाळेत मास्तरीणही. आठवड्याचे पाच दिवस मी मुलांना घड्याळ बघायला शिकवते. रविवारी माझ्या हातात नारळाच्या झापाचा पंखा असतो आणि पाद्रीबाबांच्या ताटावर माशी बसू न देणं एवढीच माझ्याकडून अपेक्षा असते. प्रार्थना चालू असतानाही पंखा थांबवायचा नाही, कारण माश्या चर्चच्या सभासद नाहीत. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवायची परवानगी त्या घरात एकट्या मला आहे. पदवीचा तेवढा उपयोग झाला.

आकेनेसे ही लाउतासी घराण्याची सून. वय बेचाळीस, आवाज मोठा, पावलं झपाझप. दोन वर्षांपूर्वी तिला साखर निघाली. आमच्याकडे साखर निघणं ही बातमी नाही, न निघाली तर लोक चौकशी करतात. पण तिची साखर गोळ्यांना जुमानेना, म्हणून इन्सुलिनची सुई सुरू झाली. तिच्या आईचा आधी अंगठा काढला, मग घोट्यापर्यंतचा पाय, मग गुडघ्यापर्यंतचा, मग आई गेली. "माझी आई एकदम मेली नाही," आकेनेसे म्हणायची, "थोडी थोडी नेली तिला." म्हणून ती सुई चुकवत नसे. सकाळी सातला सुई, वर चहा आणि पाव.

या सुईची एक खोड आहे. सकाळी घेतलेली ती दुपारच्या सुमाराला जोर धरते, आणि तेव्हा पोटात काही नसलं तर ती अंगातलीच साखर ओढून घेते. आमच्या दवाखान्यातल्या यंत्रावर आकडा चारच्या खाली गेला की धोका, आणि दहाच्या वर राहिला की तोही धोकाच, फक्त सावकाश. हे आम्हाला डॉक्टर मारेतानं शिकवलं. ती आपियाहून, म्हणजे राजधानीहून, दर गुरुवारी फेरीबोटीनं येते. तरुण आहे, हुशार आहे, आणि एका मोठ्या मताईची मुलगी आहे.

पहिल्याच भेटीत तिनं आकेनेसेला विचारलं होतं, "रविवारी दुपारी किती वाजता जेवण?"

"बाराला," आकेनेसे म्हणाली. आमच्या गावात या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. डॉक्टरनं तसं लिहून घेतलं आणि त्या हिशेबानं सुई ठरवली.

त्यानंतर रविवारी दुपारी आकेनेसेचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तीनच्या सुमाराला ताटं आली की तिचं शरीरच पुढे होऊन हाताला लागेल ते ओरबाडायचं, मग ते डुकराची चरबी असो नाहीतर पाहुण्यांनी टाकलेला केक. सोमवारी सकाळी आकडा एकोणीस. डॉक्टरनं एकोणीस पाहिला आणि सुई वाढवली. वाढलेल्या सुईनं पुढच्या रविवारी साखर आणखी खाली, मग आणखी ओरबाडणं, मग बावीस. विज्ञान आणि परंपरा एकमेकांच्या हातात हात घालून तिला झोपाळ्यावर बसवून झोके देत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की ती नीट बसत नाही.

जुलैतल्या एका रविवारी पलीकडच्या गावाहून चार डीकन आले. डीकन म्हणजे चर्चचे कारभारी, ते आले की गप्पा लांबतात. पावणेदोनला आकेनेसे हात धुवायच्या पाण्याचं घमेलं घेऊन वृद्ध लाउतासींपुढे गेली. ते तिच्या घराण्याचे प्रमुख, तिच्या नवऱ्याचे काका. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "सरक रे पोरा, मला निजायचंय." मग खरंच खाली बसली आणि आडवी होऊ लागली.

तिची नणंद फुआतिनो, जी गावच्या महिला समितीची अध्यक्ष आहे आणि घराण्याची लेक या नात्यानं लाउतासींच्या शेजारी बसलेली होती, म्हणाली, "भूत शिरलंय. चोळणारणीला बोलवा, तेल चोळून उतरवेल." आकेनेसे घामानं भिजली होती, पण डोळे उघडे होते, गिळता येत होतं. मी पंखा टाकला आणि पाद्रीबाबांपुढचा गोड कोकोचा पेला उचलून घोट घोट तिला पाजला. दहा मिनिटांनी भूत उतरलं. मात्र गावाच्या दृष्टीनं तीन गुन्हे घडले होते. मताईला पोरा म्हणणं, पाद्रीबाबांचा कोको पळवणं, आणि हे सगळं डीकनांसमोर होणं. तिसरा सर्वांत मोठा.

"चोरून केक खातेस तू," फुआतिनो दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहून म्हणाली. "सोमवारी बावीस उगीच येतो? आणि रविवारची ती नाटकं."

"चोरून खाल्लं असतं तर पडले असते का, वन्सं?"

"तोंड चालवू नकोस."

"दुसरं काही चालवायला मिळतंय कुठे."

त्या गुरुवारी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर मारेता वहीत बघून वैतागली होती. "आकेनेसे, तुम्ही मला खरं सांगत नाही. बाराला नीट जेवलात तर असं होणारच नाही."

"बाराला पाद्रीबाबा जेवतात," मी म्हटलं.

"मग तुम्ही?"

"ताटं परत आली की."

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत. त्यांच्याकडून आमच्याकडे."

"किती वाजता?"

"डीकन किती बोलतात त्यावर," आकेनेसे म्हणाली. "दोन डीकन असले तर दोनला. चार होते तेव्हा साडेतीन."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या घरी मी आत्यांशेजारी बसायचे. मला वाटायचं, वहिन्या आतमध्ये आधीच जेवून घेतात."

"आम्हालाही लग्नाआधी तसंच वाटायचं," मी म्हटलं. ते खरं होतं. आकेनेसे तिच्या माहेरच्या गावात आजही पाहुणी म्हणून गेली तर चटईवर बसते आणि तिची भावजय तिला पाणी आणून देते. मीही माझ्या गावी तशीच बसते, आणि भावजय कधी जेवली हे मी कधी विचारलेलं नाही.

डॉक्टरनं सुई कमी केली, घरी न्यायला साखर मोजायचं छोटं यंत्र दिलं आणि एक पत्र लिहून त्यावर शिक्का मारला. 'रुग्णाने दुपारी बारा वाजता जेवणे अत्यावश्यक आहे. अन्यथा मृत्यू संभवतो.' आकेनेसेला ती म्हणाली, "पुन्हा अशी पडलात आणि जवळ कुणी शहाणं नसलं, तर उठणार नाही. मी घाबरवत नाही, सांगतेय."

फुआतिनोनं ते पत्र समितीत मोठ्यानं वाचलं. "मृत्यू संभवतो," ती म्हणाली, "तो सगळ्यांनाच संभवतो." तरी पत्राला शिक्का होता, म्हणून चर्चा झाली. जेवण लवकर ठेवावं तर चर्चची वेळ बदलावी लागेल. पाद्रीबाबांनी प्रवचन आवरावं, हे बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी फुआतिनोलाच सुचलं. "रविवारी सुईच घेऊ नकोस. देवाच्या दिवशी सुट्टी."

"वन्सं, माझ्या रक्ताला वार कळत नाही."

"मग मागे चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घास खा. कुणाला दिसू देऊ नकोस."

आकेनेसेनं ते करून पाहिलं. पहिल्या रविवारी ती उमूच्या धुरात अळूचा कंद सोलत असताना पुढून हाक आली, "पाणी." पाणी देऊन आली तर "मीठ." मिठावर "कोको." कंद चुलीपाशी राहिला आणि तो कोंबड्यांनी खाल्ला. साखर तीन पूर्णांक एक. दुसऱ्या रविवारी पहिला घास तोंडात होता तेवढ्यात फुआतिनो स्वतः मागे आली आणि म्हणाली, "चावत काय उभी आहेस, पाहुणे खोळंबलेत." दोन पूर्णांक आठ. त्या दिवशी खिशातल्या साखरेच्या गोळ्या चघळून ती कशीबशी उभी राहिली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही समुद्राकाठी कपडे वाळत घालत होतो. ती म्हणाली, "उद्या मी बाराला जेवणार."

"कुठे? मागे?"

"जिथे जेवण असतं तिथे."

"फुआतिनो तुला घराबाहेर काढेल."

"बाहेर काढलं तर चालत जाईन. पाय आहेत अजून दोन्ही."

दुसऱ्या दिवशी पाहुणे सहा होते. ताटं मांडून झाली, पाद्रीबाबांनी हात जोडले, सर्वांनी माना खाली घातल्या. मी पंखा हलवत होते. आकेनेसेनं हातातलं ताट शेवटच्या डीकनापुढे ठेवलं, पण ती मागे सरली नाही. त्याच चटईच्या टोकाला बसली. कमरेच्या पिशवीतून यंत्र काढून बोट टोचलं, आकडा पाहिला, झापाचं विणलेलं एक रिकामं, ताटलीसारखं पान ओढलं, त्यावर नीरफणसाचा मोठा तुकडा आणि अर्धा मासा घेतला, आणि खाऊ लागली. घाईनं नाही. काटे नीट बाजूला काढून.

पाद्रीबाबा पावसाबद्दल, फेरीबोटीबद्दल आणि सरकारबद्दल आभार मानत होते. "आणि जे भुकेले आहेत..." इथे ते अडखळले. त्यांचा डावा डोळा उघडा होता. लाउतासींचे दोन्ही. डीकनांपैकी चौघे पापण्यांच्या फटीतून बघत होते, आणि फुआतिनोनं तर डोळे मिटल्याचं नाटकही सोडलं होतं. सगळ्यांना चावण्याचा आवाज ऐकू येत होता. आमेन त्या दिवशी नेहमीपेक्षा बरंच लवकर आलं.

"ऊठ," फुआतिनो दबक्या आवाजात म्हणाली.

"जेवतेय."

"पाहुणे आहेत."

"त्यांना वाढलंय. जेवू देत की."

"ऊठ म्हणते."

"वन्सं, मी आत्ता उठले तर तासाभरात पडेन. पडले की मला उचलायला चौघी लागतील. म्हणजे वाढणाऱ्या पाच कमी. आत्ता एकच कमी आहे." तिनं माशाचा पुढचा घास घेतला. "अळूची पानं कुणी केलीत? खारट झालीत जरा."

ती पानं फुआतिनोच्या देखरेखीखाली झाली होती.

सोमवारी मताईंची सभा बसली. आमच्या सभेच्या घराला भिंती नाहीत, खांब आहेत, म्हणजे सभा गुप्त असते पण ऐकू सगळ्यांना येते. आरोप असा, की पाद्रीबाबांची प्रार्थना पूर्ण होण्याआधी एका सुनेनं पाहुण्यांच्या चटईवर बसून अन्न खाल्लं. लाउतासींनी विचारलं, "कुणी पाहिलं?"

अडचण हळूहळू एकेकाच्या लक्षात येत होती. ज्यानं पाहिलं, त्याचे डोळे प्रार्थनेत उघडे होते. पाद्रीबाबा म्हणाले, "मी परमेश्वराशी बोलत होतो." एका मताईनं सांगितलं की त्याला काही चावल्यासारखं ऐकू आलं, पण ते उंदीरही असतील.

मग सगळे साक्षीला बोलावलेल्या माझ्याकडे वळले. कायद्यानं पाहू शकणारी मी एकटी.

आदल्या संध्याकाळी फुआतिनो माझ्याकडे येऊन गेली होती. कधी नव्हे ते ओट्यावर बसली. "तू म्हण, माश्यांकडे लक्ष होतं," ती म्हणाली. "घराण्याची शोभा नको. तिनंही नाही म्हणावं, आणि पुढे गुपचूप मागे खावं. प्रकरण मिटेल." ती वाईट बाई नाही. तिला खरंच वाटत होतं की ती आम्हाला वाचवतेय.

मी सभेत म्हटलं, "मी पाहिलं. आकेनेसे जेवत होती. आणखी कुणाकुणाचे डोळे उघडे होते तेही मला दिसत होतं. नावं सांगू का?"

सभेत एकदम खोकल्याची साथ आली. लाउतासी म्हणाले, "त्याची गरज नाही, मास्तरीणबाई." मग दोघातिघांनी हळू आवाजात बोलून ठरवलं की प्रकाश डोळ्यांवर येत होता, पुरावा पक्का नाही, आणि जे नीट दिसलं नाही ते घडलंही नसावं. सुटकेचा मार्ग मोठा आणि रुंद होता. आकेनेसेनं फक्त गप्प बसायचं होतं.

ती बाहेर खांबाजवळ बसली होती. सभेत बोलायचा तिला अधिकार नाही, म्हणून ती सभेकडे पाठ करून, समोरच्या नारळाच्या झाडाशी बोलली. आवाज तिचा मुळातच मोठा.

"मी खाल्लं. सगळ्यांनी पाहिलं. नीरफणस आणि मासा. माझी साखर चार पूर्णांक दोन होती आणि खाली चालली होती. पुढच्या रविवारीही बाराला खाणार, त्याच्या पुढच्याही. तेव्हा डोळे उघडे ठेवूनच बसा, म्हणजे पुन्हा सभा नको."

"माफी माग आधी," लाउतासी तिच्या पाठीला म्हणाले.

"कशाची? पोरा म्हटलं त्याची मागते. तेव्हा मी शुद्धीत नव्हते. जेवले तेव्हा पूर्ण शुद्धीत होते."

तिचा नवरा आउकुसो सगळ्यांत मागच्या खांबाला टेकून बसला होता. वर्षभरात त्याची तीनचार वाक्यं ऐकायला मिळतात. लाउतासींनी त्याला विचारलं, "तुझ्या बायकोला आवरणार की नाही?"

"मला तिला पुरायचं नाही," तो म्हणाला.

शिक्षा झाली. तीन महिने आकेनेसेनं पाद्रीबाबांच्या घरी रविवारी वाढायला यायचं नाही. सभा उठताना काही मताईंच्या लक्षात आलं असावं की ही शिक्षा जरा विचित्र आहे, पण ती जाहीर झाली होती.

आकेनेसेच्या लक्षात ते आधीच आलं होतं. "तीन महिने घरी बाराला जेवेन," ती मला वाटेत म्हणाली. "आणि मग? परत मागे चुलीपाशी? आणि माझं घमेलं तोवर कोण धरणार? इलिसापेता. तिला माझ्याआधीपासून साखर आहे, ती कुणाला सांगत नाही एवढंच."

आम्ही अकरा सुना वाढतो. त्यातल्या सहा जणी गोळ्या घेतात, दोघी सुया. हे आकेनेसेनं त्या आठवड्यात घरोघर यंत्र घेऊन फिरून शोधलं. कुणाला तिनं काही पटवलं नाही. आकडा दाखवायची, आणि म्हणायची, "मी रविवारी बाराला बसणार आहे. जागा आहे." बस्स.

रविवारी ती आली. वाढायची बंदी होती, बसायची नव्हती. ती चटईच्या टोकाला बसली. प्रार्थना सुरू व्हायच्या आत इलिसापेतानं हातातलं ताट जमिनीवर ठेवलं आणि तिच्याशेजारी बसली. मग चोळणारणीची सून. मग आणखी तिघी, एकमेकींकडे न बघता, जशा बसमध्ये रिकाम्या जागेवर बसाव्यात तशा. मीही बसले. मला साखर नाही. भूक होती.

पाद्रीबाबांनी हात जोडले आणि डोळे उघडेच ठेवून अतिशय छोटी प्रार्थना म्हटली. त्यानंतर काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. उरलेल्या चौघी मागे चुलीपाशीच थांबल्या होत्या, आणि निम्मी ताटंही तिथंच वाफाळत पडली होती. पाहुणे समोरच्या रिकाम्या पानांकडे पाहत होते. एका डीकनानं घसा खाकरला. लाउतासींनी फुआतिनोकडे पाहिलं.

फुआतिनो उठली. त्या घरात ती पन्नास वर्षं बसत आली होती, आणि मागचा दरवाजा कुठे आहे हे तिला क्षणभर शोधावं लागलं. ती गेली, आणि नीरफणसाचं भलंमोठं ताट दोन्ही हातांत धरून परत आली. रागानं ती चटणीसारखी लाल झाली होती. तिला ते ताट कुणापुढे आधी न्यायचं हेही ठाऊक नव्हतं, कारण तिनं कधी नेलेलंच नव्हतं. ती मधोमध उभी राहिली आणि दात आवळून म्हणाली, "कुणाला हवंय?"

आकेनेसेनं हात वर केला.

"इकडे, वन्सं," ती म्हणाली. "बारा वाजून गेले."